आयटीआयच्या वीजतंत्री निदेशकाने कोणते सेवांतर्गत प्रशिक्षण घ्यावे?

आपण धुळे जिल्ह्यातील आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचे निदेशक आहात आणि सेवांतर्गत प्रशिक्षणाची संधी आल्यास काय निवडावे, असे आपण विचारले आहे. मीही जळगाव जिल्ह्यात हाच ट्रेड शिकवतो. ज्या प्रशिक्षणात आपले हात यंत्राला लागतील आणि तेथे शिकलेले काम परतल्यावर आपल्या कार्यशाळेत मुलांकडून करून घेता येईल, तेच निवडावे, असे माझे ठाम मत आहे.

आपले सीआयटीएस (निदेशकांसाठीचा एक वर्षाचा अध्यापन-प्रशिक्षण अभ्यासक्रम) झाले नसेल, तर मात्र ते आधी पूर्ण करावे. अध्यापनाचा पाया या एका वर्षात पक्का होतो.

त्यानंतर आपल्या भागाची गरज पाहावी. साक्री तालुक्यात पवनचक्क्या व सौर प्रकल्प आहेत आणि आपल्याकडे येणारी बरीच मुले शेतकऱ्यांची आहेत, ज्यांच्या शिवारात आता सौर पंप बसू लागले आहेत. घरातील वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी असते, तर सौर पॅनलमधून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. एसी प्रवाह दर सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझण्यास मदत होते. डीसीला असा शून्य क्षण नसल्याने ठिणगी टिकून राहते आणि संपर्कबिंदू जळतात. शिवाय पंप चालवणारा कंट्रोलर बंद केला, तरी ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या तारांवर विद्युतदाब (व्होल्टेज) कायम असतो. नेहमीचा एसी स्विच तेथे का चालत नाही, हे स्लाइड पाहून आलेला निदेशक सांगू शकेल. परंतु आयसोलेटर (पुरवठा तोडणारा स्विच) उघडून, मीटर लावून, सुरक्षितपणे काम कसे करायचे, हे दाखवण्यासाठी त्याने स्वतः ते केलेले असावे लागते, आणि येथे प्रश्न मुलांच्या जिवाचा आहे. म्हणून असे पंप बसवणाऱ्या वा दुरुस्त करणाऱ्या आस्थापनेतील प्रशिक्षणाला मी वर्गातील व्याख्यानांपेक्षा अधिक महत्त्व देतो.

निदेशक कार्यमुक्त झाला की त्याची तुकडी रिकामी बसते, ही अडचण खरी आहे. ट्रेडची परीक्षा आटोपल्यानंतरचा आणि नवे प्रवेश होण्यापूर्वीचा काळ प्राचार्यांकडे आग्रहाने मागावा. त्याच अर्जासोबत एक पॅनल, डीसी आयसोलेटर व क्लॅम्प मीटर यांची मागणीही नोंदवावी. खरेदीला वेळ लागतो, आणि साहित्याविना हातची सवय जाते.