निवृत्तीची रक्कम पवनऊर्जेच्या शेअरमध्ये घालावी का?

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यातून ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे २२ लाख रुपये गेल्या महिन्यात मिळाले. साक्रीला जाताना ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाहतो. जगभर ही ऊर्जा वाढत असल्याने पवनचक्क्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये १५ लाख घालावेत का?

उत्तर : वाढीबद्दलचे आपले निरीक्षण बरोबर आहे. २०१० च्या अखेरीस जगात सुमारे २०० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) पवनऊर्जा क्षमता होती. २०२३ मध्ये तिने १,००० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. मात्र २०२४ मध्ये भर पडलेल्या ११७ गिगावॅटपैकी सुमारे दोन तृतीयांश क्षमता एकट्या चीनमध्ये उभी राहिली आणि तेथील बाजार बहुतांशी तेथल्याच उत्पादकांच्या हाती आहे. त्यामुळे जगाचा आकडा वाढला, म्हणजे आपल्या कंपनीची विक्रीही वाढली, असे होत नाही.

ब्राह्मणवेलच्या पठारावर जी पाती फिरताना दिसतात, त्यांचे पैसे बनवणाऱ्याला केव्हाच मिळाले आहेत. देखभालीचे उत्पन्न सोडले, तर त्याची कमाई नव्या मागणीवर चालते, आणि ती मागणी किती अचानक आटते हे आपण भारतातच पाहिले आहे. २०१७ मध्ये पवनविजेच्या ठरवून दिलेल्या दरांऐवजी, सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला प्रकल्प देणारे लिलाव सुरू झाले. पूर्वी युनिटला चार-पाच रुपयांच्या घरात असलेला दर फेब्रुवारीत ३.४६ रुपयांवर आणि डिसेंबरमध्ये गुजरातच्या लिलावात २.४३ रुपयांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. परंतु २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॅट असलेली वार्षिक भर पुढच्याच वर्षी १,८०० मेगावॅटच्या आसपास आली आणि उत्पादकांचे कारखाने कामावाचून अडले. अशा वर्षी ज्याला घरखर्चासाठी शेअर विकावे लागतात, त्याचे नुकसान भरून निघणे फार कठीण असते, आणि आपला पगार आता थांबला आहे, याचीच मला अधिक काळजी वाटते.

म्हणून १५ लाख एका कंपनीत घालू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीच्या आधी निवृत्त झालेल्यांनाही ५५ वर्षे पूर्ण असल्यास खाते उघडता येते, मात्र निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. आपला एक महिना गेला आहे. रक्कम मिळाल्याच्या तारखेचा कारखान्याचा दाखला घेऊन याच आठवड्यात टपाल कार्यालयात किंवा बँकेत जावे आणि १५ लाख तेथे ठेवावेत. व्याज दर तिमाहीला मिळेल. पाच लाख मुदत ठेवीत, आजारपणासाठी हाताशी असू द्यावेत. उरलेल्या दोन लाखांपैकी एक लाख आपल्या आवडीच्या कंपनीत जरूर घालावेत, तेही वर्षभरात थोडे थोडे करून.