'ओपिऑइड'ला 'अफूजन्य' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या काही वेदनाशामकांना 'ओपिऑइड' म्हणतात, त्यासाठी मराठीत 'अफूजन्य' चालेल का? आणि कुठलंही जोरदार वेदनाशामक ओपिऑइडच असतं का?

माझ्या मते दोन्हींचं उत्तर 'नाही'.

'अफूजन्य' हा शब्द 'ओपिएट'साठी, म्हणजे थेट अफूतून मिळणाऱ्या द्रव्यांसाठी, चपखल आहे. खसखशीच्या बोंडाला चीर दिली की पाझरणारा चीक वाळवला की अफू होते. मॉर्फिन आणि कोडीन ही द्रव्यं त्या चिकातच असतात, म्हणून ती अफूजन्य. त्यातलंच थेबेन घेऊन प्रयोगशाळेत ऑक्सिकोडोन करतात. ते अर्धकृत्रिम, तिथवरही शब्द ताणता येईल. पण फेंटॅनिल, मेथाडोन, पेथिडिन? यांचा खसखशीच्या झाडाशी काही संबंध नाही, ती पूर्णपणे रसायनांपासून घडवलेली आहेत. तरीही ती ओपिऑइडच. कारण हा वर्ग औषध कुठून आलं यावर ठरत नाही, ते शरीरात कुठे जाऊन बसतं यावर ठरतो. मेंदू, मज्जारज्जू आणि आतड्यांत ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या अशी द्रव्यं चिकटण्याच्या जागा, असतात. त्यांना चिकटून औषधानं मॉर्फिनसारखं काम केलं की ते ओपिऑइड. १९७३ मध्ये या रिसेप्टरांचा पुरावा मिळाला आणि १९७५ मध्ये कळलं की शरीर स्वतःही असे पदार्थ बनवतं: एन्केफॅलिन. त्यांना 'अफूजन्य' कसं म्हणणार?

शब्दातच हे दडलेलं आहे. 'ऑइड' म्हणजे 'च्यासारखा'. 'ॲस्टेरॉइड' म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा, तारा नव्हे. म्हणून प्रतिशब्द हवाच असेल तर 'अफूसम' म्हणावं.

जोराचं म्हणाल, तर तो निकष नाहीच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन चांगलीच दुखणी थांबवतात, पण प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारं शरीरातलं द्रव्य तयार होणं रोखून. ती ओपिऑइड नाहीत. उलट कोडीन तसं सौम्य, यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फिन होतं तेव्हाच ते नीट लागू पडतं, तरी ते ओपिऑइड. जुलाबावरचं लोपेरामाइडसुद्धा याच कुळातलं! नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत जवळजवळ पोचत नाही, आतड्यांवरच काम करतं. मॉर्फिन घेणाऱ्याला बद्धकोष्ठ का होतं, ते यावरून कळावं.

एक कळकळीची विनंती. ओपिऑइडचं भाषांतर 'मादक द्रव्य' असं करू नका. ती 'नार्कोटिक' या कायद्याच्या शब्दाची छाया आहे, आणि कायद्याच्या त्या यादीत कोकेनही बसतं, जे ओपिऑइड नाही. सवय लागण्याचा धोका खरा आहे, जास्त मात्रेनं श्वास मंदावून जीव जाऊ शकतो हेही खरं. ते स्पष्ट शब्दांत लिहावंच. पण कॅन्सरच्या वेदनेत तळमळणाऱ्या माणसाच्या मॉर्फिनवर 'मादक' असा शिक्का मारला, तर घरचे घाबरून गोळी लपवून ठेवतात. रुग्णासाठीच्या माहितीपत्रकात 'ओपिऑइड' हाच शब्द ठेवावा आणि पुढे 'मॉर्फिनच्या गटातलं वेदनाशामक' असं लिहावं.