गोवराच्या लशीच्या पहिल्या चाचण्या वाचताना

प्रिय,

लसचाचणीचं काम शिकायचं असेल तर गोवराची लस मुळापासून वाच. ती कशी जमली याइतकंच ती कुठे फसली हेही बघ.

१९५४ साली बोस्टनच्या जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतले थॉमस पीबल्स गोवराची साथ आलेल्या एका निवासी शाळेत नमुने घ्यायला गेले. तिथल्या डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या नमुन्यातून विषाणू पेशींवर वाढला. असा नमुना पुरळ उठता उठताच घ्यावा लागतो. दोन-चार दिवस गेले की रक्तात विषाणूविरुद्ध लढणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि विषाणू हाती लागत नाही.

मग तो दुबळा करायचा होता. माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर २४ वेळा, गर्भवेष्टनाच्या (गर्भाभोवतीच्या पडद्याच्या) पेशींवर २८ वेळा, कोंबडीच्या फलित अंड्यांत ६ वेळा आणि शेवटी कोंबडीच्या भ्रूणपेशींवर, अशी त्याची वाढ करत नेली. परक्या पेशींत रुळलेला विषाणू माणसाच्या शरीरात तितका जोमाने वाढत नाही. माकडांना तो टोचल्यावर प्रतिपिंडं आली, पुरळ आलं नाही.

१९५८ मध्ये सॅम्युएल कॅट्झ यांनी तो मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड संस्थेत मुलांना टोचला. प्रतिपिंडं आली, पण अनेकांना ताप आला, पुरळही उठलं. माकडात शांत राहिलेली लस मुलात तशीच राहील, असं कधी धरून चालू नकोस. आणि फर्नाल्ड ही मतिमंद मुलांची संस्था होती, हे वाचताना नजरेआड करू नकोस. तिथे गोवराच्या साथी खरोखर येत होत्या आणि पालकांची संमतीही घेतली होती. तरी ज्या मुलाला स्वतः नाही म्हणता येत नाही, त्याच्यावर पहिली चाचणी करणं मला आजही खुपतं.

१९६३ मध्ये अमेरिकेत दोन लशींना परवानगी मिळाली. एक याच दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची. जिवंत लशीचा ताप आवरायला दुसऱ्या दंडात, वेगळ्या सिरिंजने, थोडं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातून वेगळी काढलेली तयार प्रतिपिंडं, देत. ते लशीच्या सिरिंजमध्ये मिसळलं तर त्यातली प्रतिपिंडं लशीचा विषाणूच निकामी करतील. दुसरी लस फॉर्मॅलिन या रसायनाने मारलेल्या विषाणूची. तिच्याने ताप येत नसे, म्हणून ती सौम्य वाटली. पण तिची प्रतिपिंडं लवकर ओसरली, आणि पुढे खरा गोवर झालेल्या काही मुलांना जोराचा ताप, न्यूमोनिया आणि हातापायांपासून सुरू होणारं पुरळ असा विचित्र आजार झाला. नेहमीच्या गोवरात पुरळ चेहऱ्यापासून खाली उतरतं. १९६७ मध्ये ती लस मागे घेतली. लशीनंतर महिन्याभरातच रक्त तपासून थांबलेल्या चाचणीत असा दोष दिसणारच नाही. पाठपुरावा वर्षानुवर्षं हवा.

जिवंत विषाणू आणखी दुबळा करून श्वार्झ आणि मोराटेन हे वाण आले. एडमन्स्टन-झाग्रेब हा वाण पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट वापरते. त्याचं मूळही त्याच मुलाच्या नमुन्यात आहे.

तुझ्या तक्त्यात बाळाची जन्मतारीख अचूक लिही. आईकडून आलेली प्रतिपिंडं लशीचा विषाणू वाढू देत नाहीत, म्हणूनच आपल्याकडे पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात. आणि घरभेटी तिसऱ्या दिवशी संपवू नकोस. या लशीचा ताप साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसादरम्यान येतो.