'एकूण रोध' की 'समतुल्य रोध'?

विजेच्या परिपथातल्या रोधाबद्दल, म्हणजे धारेला होणाऱ्या अडथळ्याबद्दल, प्रश्न असा आहे: "शाळेत 'परिणामी रोध' शिकलो, डिप्लोमाला 'समतुल्य रोध' ऐकतोय आणि मित्र सरळ 'एकूण रोध' म्हणतात. तिन्ही एकच ना?"

'एकूण' सोडून द्या, असं मी आग्रहाने सांगेन. एकूण म्हटलं की मन बेरीज करू लागतं. एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडणीत ती जमते: १० ओहमचे दोन रोध मिळून २० ओहम. तेच समांतर जोडले की ५ ओहम, म्हणजे दोघांपैकी कुणाहीपेक्षा कमी, कारण धारेला आणखी एक वाट मिळाली. या ५ला एकूण कसं म्हणणार?

आणखी पुढचं उदाहरण घ्या. घनाच्या बाराही कडांवर १ ओहमचा एकेक रोध आहे. एकाच कडेच्या दोन टोकांमध्ये मोजलं तर ७/१२ ओहम, पृष्ठाच्या कर्णाच्या टोकांमध्ये ३/४ आणि घनाच्या आरपार असलेल्या कोपऱ्यांमध्ये ५/६. रोध तेच बारा, उत्तरं तीन! म्हणून समतुल्य रोध नेहमी दोन ठरावीक टोकांमधला असतो. कोणती टोकं, हे न सांगता विचारलेलं गणित अर्धवटच.

'तुल्य' हा शब्द 'तुला' म्हणजे तराजूवरून आला. दोन मल्ल तुल्यबळ असतात तेव्हा ते एकसारखे दिसत नाहीत, जोर सारखा असतो. इथेही तसंच: त्या दोन टोकांना सगळं जाळं काढून एकच रोध लावला, तरी तेवढ्याच विभवांतराला तेवढीच धारा वाहते. बाहेरच्या परिपथाला फरक कळत नाही.

आत मात्र फरक असू शकतो, आणि बॅटरीसारखा स्रोत आला की तो ठळक होतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला ६-६ ओहमचे दोन रोध एकसर जोडा आणि त्यांतल्या एकाची दोन टोकं बाहेर काढा. (बॅटरीचा अंतर्गत रोध शून्य धरू.) थेवेनिनची रीत म्हणजे दोन टोकांमागच्या सगळ्या जाळ्याच्या जागी एक स्रोत आणि त्याला एकसर एक रोध मांडणं; त्या रीतीने याचा समतुल्य परिपथ ६ व्होल्ट आणि ३ ओहमचा. टोकांना काहीच जोडलेलं नसताना मूळ परिपथात १२ वॉट उष्णता होते, समतुल्यात शून्य. म्हणजे 'समतुल्य'चा अर्थ 'समान' घेऊ नये.

'परिणामी रोध' चुकीचा नाही, एकसर-समांतर गणितांत बेलाशक वापरा. थेवेनिनपर्यंत जायचं असेल, तर 'समतुल्य'ची सवय आत्तापासून बरी.