दहावीच्या मुलांना दुसरं महायुद्ध आणि भारताचा सहभाग कसा शिकवावा?

हिटलरपासून नका सुरू करू, सरळ नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगेंपासून करा. रायगडच्या माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे, 10 जुलै 1944 ला इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं आणि मग स्नायपरच्या गोळीने गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. मी इतिहासच शिकवतो, त्यामुळे सांगतो, एवढं ऐकलं की पोरं स्वतःच विचारतात की माणगावचा माणूस इटलीत काय करत होता, आणि खरा तास तिथूनच सुरू होतो. मग फळ्यावर हे घ्या:

- 3 सप्टेंबर 1939, व्हाइसरॉय लिनलिथगोने भारतीय नेत्यांना न विचारताच भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं
- 25 लाखांच्या आसपास फौज, तीही सक्तीची भरती नसताना (पगार, पेन्शन हा मुद्दा टाळू नका)
- 1942 चं छोडो भारत, 1943 चा बंगालचा दुष्काळ

फक्त नुसती शौर्यगाथा करू नका, आझाद हिंद सेनेत गेलेले कितीतरी जण याच फौजेतले होते, दोन्ही बाजू एकाच तासात आल्या पाहिजेत.