वाइल्डरनेस सोसायटीने अमेरिकेत एवढ्या वर्षांत नक्की केलं काय?

नुसती पत्रकं वाटणारी संस्था आहे का, असं विचारलंयत, तर नाही हो. १९३५ ला आल्डो लिओपोल्ड, बॉब मार्शल वगैरे निसर्गप्रेमी मंडळींनी सुरू केली, कारण सरकारी जंगलांत जिकडेतिकडे रस्ते घुसायला लागले होते. सगळ्यात मोठं काम म्हणजे १९६४ चा वाइल्डरनेस कायदा, म्हणजे सरकारी रानं जशीच्या तशी राखायचा कायदा. त्याचा मसुदा लिहिला याच संस्थेच्या हॉवर्ड झानायझर यांनी, हा माणूस साधा चष्मेवाला, ऑफिसात बसणारा, पण कोटाला आतून मोठे खिसे शिवून घेतलेले आणि त्यात कागद कोंबून काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, लोकांच्या मागे फिरायचा, आठ वर्षं, साठच्या वर मसुदे झाले आणि मे १९६४ मध्ये गेला बिचारा, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली सप्टेंबरात.

तेव्हा ९१ लाख एकर जमीन कायद्याखाली आली, आज ११ कोटींच्या वर आहे. त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या अलास्कात, तिथली जमीन राखायचा मोठा कायदा १९८० चा, त्यासाठी बऱ्याच संस्था एकत्र लढल्या, सगळं क्रेडिट या सोसायटीलाच देऊ नका.

आणि संरक्षण म्हणजे खरंच कडक बरं का. रस्ता नाही, गाडी नाही, सायकलसुद्धा नाही. पायवाटेवर झाड पडलं तरी वनखात्याचे लोक सहसा दोघांनी ओढायच्या हातकरवतीनेच कापतात, मशीनची करवत चालत नाही.