ओवी कुणाची, कुणासाठी

प्रिय,

आजीच्या ओव्यांमधलं ‘बाई’, ‘सांगते तुला’ निरर्थक वाटतं, कार्यक्रमात गाळलं तर चालेल का, असं तू विचारलंस. नाही चालणार. तुला रागावणार होतो, पण तीस वर्षांपूर्वी मी हेच केलंय.

गावातल्या एका म्हातारीला खुर्चीत बसवून मी टेपरेकॉर्डर समोर ठेवला. दोन ओव्यांपुढे तिला काही आठवेना. मी चिडलो. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही मला नुसती म्हण वाटायची. शेवटी तीच माजघरात गेली, सुनेला समोर बसवलं, खुंटा धरला, मूठभर ज्वारी वैरली. मग तासभर थांबली नाही. वारलेल्या भावाशी बोलत होती. मधल्या ‘बाई गं’ला सून जोर लावायची, तेवढ्यात हिला पुढली ओळ सुचायची. तुझ्या त्या निरर्थक ‘बाई’त जात्याचा फेरा आहे, दम घ्यायची उसंत आहे, समोर बसलेली बाई आहे. अर्थ काय, अर्थ काय करत बसू नकोस. कोण कुणाला म्हणतंय, ते आधी विचार.

मी विचारलं नाही. वहीत ओव्या ‘शुद्ध’ केल्या, ‘बाई’ गाळलं, तिचं नावही लिहिलं नाही. लोकगीताला कर्ता नसतो, असंच शिकलो होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, बाईच्या आणि गावाच्या नावासकट. माझ्या वहीत शंभरेक आहेत, त्यातली एकही म्हणता येत नाही. तरी वही केली, हे मी सांगणारच. गिरणी आल्यावर लोकांनी जात्याच्या तळ्या पायरीला लावल्या, तेव्हा अशी वही तरी कुणी केली?

देवीच्या गोंधळाचंही तेच. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, एकेकीला नाव घेऊन बोलवायचं असतं. ते लांबतं म्हणून कापणारे मी पाहिलेत. बोलावलंच नाही, तर संबळ कुणासाठी वाजवायचा? कोण कुणाला म्हणतंय! किती वेळा सांगू?

आता दिवाळीत घरी जाशील, तेव्हा आजीला चाल विचारू नकोस. तुझी आजी चालीला ‘गळा’ म्हणत असेल, तो आपोआप येईल. ही ओवी तू कुणासाठी म्हणायचीस, एवढंच विचार. तिने नाव घेतलं तर लिहून ठेव. रडली तर गप्प बस. घरात जातं उरलं नसेल तर माझं घेऊन जा. त्याला टाकी लावून दगड पुन्हा खरबरीत करून घ्यावा लागेल, पण खुंटा घट्ट आहे.